लिंकन हायवेवर कोड्यांची जिओकॅशिंग मालिका: मांडणाऱ्यासाठी काही सूचना

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातून जाणाऱ्या जुन्या लिंकन हायवेच्या एका पट्ट्यावर बारा कोड्यांची जिओकॅशिंग मालिका (जिओकॅशिंग म्हणजे लपवलेले डबे, अर्थात कॅश, अक्षांश-रेखांशांवरून शोधण्याचा खेळ) मांडायची आहे आणि त्या बारांतून सुटणारी एक बोनस कॅश शेवटी ठेवायची आहे. कोडी कोणत्या प्रकारची असावीत, ती किती अवघड ठेवावीत आणि प्रत्यक्ष डबे ठेवताना अडचणी कुठे येतात, असा तुमचा प्रश्न आहे. अशा मालिका मांडण्यात आणि मांडल्यावर त्या चालत्या ठेवण्यात माझी बरीच वर्षे गेली असल्याने थोडे विस्ताराने लिहितो.

ऐतिहासिक रस्त्यांवरच्या बहुतेक मालिकांमध्ये रस्ता केवळ नावापुरता असतो. कॅशच्या वेबपानावर रस्त्याचा चार ओळींचा इतिहास, त्याखाली एक सुडोकू किंवा शब्दकोडे, आणि सुटल्यावर मिळणारे अक्षांश-रेखांश. हेच कोडे उचलून दुसऱ्या कोणत्याही रस्त्यावर ठेवले तरी त्याचे काही बिघडत नाही, आणि माझ्या मते तिथेच ती मालिका फसते. कोड्याची किल्ली रस्त्यातच असली पाहिजे. लिंकन हायवेच्या बाबतीत ही किल्ली शोधायला दूर जावे लागत नाही, कारण हा रस्ता एका जागी कधी राहिलाच नाही.

कार्ल फिशर यांनी १९१२ साली इंडियानापोलिसमध्ये किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंतच्या मोटाररस्त्याची कल्पना मांडली, पॅकार्ड मोटर कंपनीचे हेन्री जॉय यांनी त्याला लिंकन यांचे नाव देण्याचा आग्रह धरला आणि १ जुलै १९१३ रोजी लिंकन हायवे असोसिएशन स्थापन झाली. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरपासून सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंकन पार्कपर्यंत ३,३८९ मैलांचा मार्ग जाहीर झाला खरा, परंतु एवढा रस्ता नव्याने बांधण्याइतका पैसा संस्थेकडे नव्हता. तिने असलेले गाडीरस्ते जोडले, खांबांवर लाल, पांढरा आणि निळा असे पट्टे रंगवून मधल्या पांढऱ्या भागावर निळा ‘एल’ काढला, आणि काँक्रीटचा रस्ता कसा असतो हे लोकांना दिसावे म्हणून जागोजागी नमुन्याचे एकेक मैल बांधवून घेतले. त्यांतला पहिला मैल १९१४ साली इलिनॉयमधील माल्टा गावाजवळ झाला. पुढे जसजसा पैसा आला तसतसा मार्ग सरळ होत गेला, रेल्वेची फाटके टाळली गेली, गावे वगळली गेली. १९२६ साली महामार्गांना क्रमांक मिळाले तेव्हा फिलाडेल्फियापासून वायोमिंगपर्यंतचा बहुतेक भाग यू.एस. ३० झाला आणि तो क्रमांकही नंतर नव्या रुंद रस्त्यांवर सरकत गेला. त्यामुळे आयोवात ‘लिंकन हायवे कुठे आहे’ असे विचारले तर उत्तर देणाऱ्याने आधी ‘कोणत्या सालचा’ असे विचारायला हवे. १९९२ साली पुन्हा उभ्या राहिलेल्या लिंकन हायवे असोसिएशनच्या ऑनलाइन नकाशावर या निरनिराळ्या काळांतल्या वाटा दाखवलेल्या आहेत आणि तो नकाशा सर्वांना खुला आहे. तुमच्या मालिकेचा कणा म्हणून याहून चांगले साधन मला सुचत नाही.

मार्गबदलावरचे कोडे मी कसे रचेन ते सांगतो. आयोवाची जमीन १७८५ च्या भूमापन अध्यादेशाने घालून दिलेल्या पद्धतीनुसार एकेक मैलाच्या चौकोनांत मोजलेली आहे आणि ग्रामीण रस्ते बहुतांशी या चौकोनांच्या कडांवरून जातात. १९१३ चा मार्ग याच कडांवरून काटकोनात वळत, जिन्याच्या पायऱ्यांसारखा पुढे सरकत असे. संस्थेने १९१५ ते १९२४ या काळात काढलेल्या मार्गदर्शिकांमध्ये गावागावांची अंतरे मैलांत दिलेली असत. तुम्ही त्या धाटणीत पाच-सहा ओळींचा मजकूर स्वतः लिहावा: अमुक चौकातून पश्चिमेस दोन मैल, तिथून उत्तरेस एक मैल, रूळ ओलांडून पुन्हा पश्चिमेस. ज्याने आजच्या यू.एस. ३० वर बोट ठेवून वाट काढली त्याला दुसऱ्याच ओळीत रूळ सापडणार नाहीत आणि आपण चुकीच्या सालच्या रस्त्यावर आहोत हे त्याच्या ध्यानात येईल. हा ध्यानात येण्याचा क्षण हेच खरे कोडे. पुढचे नकाशावर बोट फिरवणे सोपे असते.

यात एक तांत्रिक खोच आहे. हे चौकोन कागदावर एक मैलाचे असले तरी जमिनीवर तंतोतंत तसे नाहीत. एकोणिसाव्या शतकातल्या मोजणीदारांनी ६६ फुटांची साखळी ओढत, एका मैलाला ऐंशी साखळ्या या हिशोबाने ते आखले, आणि पृथ्वीच्या गोलाईमुळे उत्तरेकडे रेखावृत्ते जवळ येत असल्याने ठरावीक अंतरावर दुरुस्तीच्या रेषा घ्याव्या लागल्या. अशा रेषेवर दक्षिणोत्तर जाणारा रस्ता एकदम थोडा बाजूला सरकतो. म्हणून मैलांची बेरीज करून थेट अक्षांश-रेखांश काढायला लावणारे कोडे कधीही देऊ नये. उत्तर नेहमी नेमके ओळखता येईल अशा वस्तूवर संपावे: एखादा चौक, पूल, शाळेचा कोपरा. चूक शंभर-दोनशे फुटांची झाली तरी सोडवणारा त्याच चौकात पोचतो, आणि मग त्या चौकाशी निगडित आकडे त्याला पुढे वापरायला द्यावेत. म्हणजे मोजमापातली चूक पुढच्या पायरीपर्यंत वाहत जात नाही.

दुसरे उदाहरण टामा गावातल्या पुलाचे. १९१५ साली बांधलेल्या या छोट्या काँक्रीट पुलाच्या कठड्यात जाळीच्या जागी ‘लिंकन हायवे’ ही इंग्रजी अक्षरेच ओतलेली आहेत. ती चौदा अक्षरे नीट पाहिली तर त्यांत वेगळी अक्षरे बरोबर दहा आहेत: पहिल्या शब्दातली एल, आय, एन, सी, ओ आणि दुसऱ्या शब्दात नव्याने येणारी एच, जी, डब्ल्यू, ए, वाय. दहा अक्षरे म्हणजे दहा अंक. कठड्यावर प्रथम दिसण्याच्या क्रमाने त्यांना १ ते ९ आणि शेवटच्या वायला ० दिला की रस्त्याच्या नावातूनच एक संपूर्ण सांकेतिक लिपी तयार होते, आणि तिच्यात कुठलीही ओढाताण करावी लागत नाही. एल-ओ-जी म्हणजे १५७, एच-ए-वाय म्हणजे ६९०. लॉग, म्हणजे डबा सापडल्याची नोंद, हा तर जिओकॅशिंगमधला रोजचा शब्द आणि ‘हे’ (hay) म्हणजे शेतातले सुके गवत. जुन्या प्रवाशाच्या रोजनिशीतला वाटावा असा चार ओळींचा इंग्रजी परिच्छेद लिहून त्यात हे दोन शब्द ठळक न करता पेरता येतात. मोजणीदाराची साखळी, म्हणजे सी-एच-ए-आय-एन, हीदेखील याच दहा अक्षरांत बसते.

शब्द जागेला जुळवायचा की जागा शब्दाला, असा प्रश्न इथे येईल. दोन्ही थोडे थोडे करावे. अक्षांश-रेखांश मिनिटाच्या तीन दशांश अंकांपर्यंत देतात, आणि १५७ किंवा ६९० हे तेच शेवटचे तीन अंक. तुमच्या पट्ट्यात अक्षांशाच्या मिनिटाचा हजारावा भाग सुमारे १.८५ मीटर भरतो आणि रेखांशाचा सुमारे १.३८ मीटर. म्हणजे डबा ठेवण्यासाठी वीस मीटरचा चौरस मोकळा असेल तर अक्षांशाच्या शेवटच्या तीन अंकांना दहा-अकरा पर्याय मिळतात आणि रेखांशाच्या अंकांना चौदा. तेवढ्यात एखादा अर्थपूर्ण शब्द बसतो का हे कागदावर आधी पाहावे, आणि न बसल्यास झाड बदलावे.

हे कोडे घरबसल्या सुटू शकते, कारण पुलाचे छायाचित्र इंटरनेटवर सहज मिळते. त्यात मला काही वावगे वाटत नाही. मिस्टरी कॅशचे, म्हणजे कोडे सोडवून जागा काढावी लागणाऱ्या कॅशचे, पानावर दाखवलेले अक्षांश-रेखांश खऱ्या जागेपासून साधारणपणे दोन मैलांच्या, म्हणजे ३.२ किलोमीटरच्या आत असावे लागतात. ते कुठलेही असू शकतात, म्हणून बहुतेक लोक ते एखाद्या शेताच्या मध्यावर टाकून मोकळे होतात. ती जागा वाया घालवू नये. जिथे डबा ठेवता येत नाही परंतु जे पाहण्यासारखे आहे, तिथेच ते दाखवावे. टामाच्या पुलावर डबा ठेवणे योग्य नाही आणि ठेवूही नये, पण पानावरचा बिंदू पुलावर असेल तर घरी कोडे सोडवून आलेला माणूसही एकदा तिथे थांबतोच.

याउलट, निव्वळ माहितीवर उभी असलेली कोडी मी टाळतो. १९१९ साली अमेरिकी लष्कराचा मोटारताफा ७ जुलैला वॉशिंग्टनहून निघाला, गेटिसबर्गला लिंकन हायवेला लागला आणि ६ सप्टेंबरला सॅन फ्रान्सिस्कोला पोचला. त्यात आयझेनहॉवर नावाचे एक तरुण लेफ्टनंट कर्नल निरीक्षक म्हणून होते. ही गोष्ट पानावर जरूर सांगावी. पण ‘ताफा कोणत्या तारखेला निघाला’ असे विचारून त्या तारखेचे अंक अक्षांशात भरायला लावले तर सोडवणारा तो प्रश्न शोधपेटीत टाकतो, पाच सेकंदांत अंक उचलतो आणि रस्त्याकडे पाहतही नाही. शिवाय अशा अंकांबाबत निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे आकडे छापलेले असतात, आणि त्यातला कोणता तुम्ही धरला आहे हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. ताफ्यातल्या गाड्यांची संख्या, माणसांची संख्या, एकूण मैल हे सगळे याच जातीचे धोके आहेत.

आता जागेवर जाऊन वाचायच्या खुणांविषयी, कारण बहुतेक मालिका इथेच दोन-तीन वर्षांत मोडतात. १ सप्टेंबर १९२८ रोजी बॉय स्काउट मुलांनी देशभर सुमारे तीन हजार काँक्रीटचे खांब या मार्गावर रोवले. खांबावर लिंकन यांच्या चेहऱ्याचे कांस्यपदक, रंगीत पट्ट्यांत ‘एल’ आणि रस्ता पुढे कुठे वळतो ते सांगणारा बाण असतो. डावीकडे, उजवीकडे किंवा सरळ, अशा तीन शक्यता असलेली खूण म्हणजे कोडे रचणाऱ्याला आयतीच संधी. मीही या बाणांचा उपयोग करतो. परंतु उरलेल्या खांबांपैकी कितीतरी मूळ जागी नाहीत. रस्ता रुंद होताना ते उपटले गेले आणि नंतर संग्रहालयासमोर, बागेत किंवा कोणाच्या अंगणात पुन्हा उभे राहिले. जागा बदललेल्या खांबाचा बाण आता भलतीकडेच बोट दाखवतो. म्हणून त्या बाणाला दिशा म्हणून वापरू नये, फक्त चिन्ह म्हणून वापरावे: डावा बाण म्हणजे १, उजवा म्हणजे २, सरळ म्हणजे ३. मग खांब कुठून कुठे गेला आहे याने उत्तरात फरक पडत नाही. त्यापुढे जाऊन, ‘हा खांब मूळ जागी आहे का’ हाच प्रश्न कोड्याचा विषय करता येतो, आणि ते कोडे मला व्यक्तिशः सर्वांत आवडते, कारण बाणाची दिशा आणि नकाशावरचा मार्ग यांच्यातली विसंगती सोडवणाऱ्याने स्वतः शोधायची असते. स्मारके जागा बदलतात हे फक्त छोट्या खांबांपुरते नाही. वायोमिंगमधल्या शर्मन शिखरावरचा लिंकन यांचा भला मोठा पुतळादेखील जुन्या यू.एस. ३० च्या कडेला होता आणि आंतरराज्य महामार्ग ८० झाल्यावर तिथून हलवून नव्या रस्त्याजवळ आणला गेला.

आणखी एक कसोटी मी प्रत्येक खुणेला लावतो: ही गोष्ट रंगवलेली आहे, लटकवलेली आहे की ओतलेली आहे? रंग बदलतो, पाटी चोरीला जाते, विजेच्या खांबावरचा क्रमांक खांबासोबत जातो. काँक्रीटमध्ये किंवा कांस्यात ओतलेले साल, दगडात कोरलेले अक्षर, पुलाच्या कमानींची संख्या या गोष्टी मालिकेपेक्षा जास्त टिकतात. खिडक्या, झाडे, बाकडी आणि ध्वजस्तंभ कधीही मोजायला लावू नयेत. आजच्या तपकिरी किंवा रंगीत वारसामार्गाच्या पाट्यांवरही भरवसा ठेवू नये, कारण त्या प्रवाशाला आजच्या सोयीच्या रस्त्याने नेतात आणि जुन्या वाटेशी त्यांचा मेळ बसेलच असे नाही. शक्य तिथे एकच अंक दोन वेगळ्या खुणांवरून मिळण्याची सोय ठेवावी.

दिशा आणि अंतर देऊन पुढचा बिंदू काढायला लावण्याचा प्रकार पुष्कळांना आवडतो. कोलो गावातला रीड-नायलँड कॉर्नर त्यासाठी सुंदर जागा आहे, कारण तिथे लिंकन हायवे आणि विनिपेगहून न्यू ऑर्लीन्सकडे जाणारा जेफरसन हायवे हे दोन नामवंत रस्ते एकमेकांना छेदत. जेफरसन तिसरे राष्ट्राध्यक्ष आणि लिंकन सोळावे. ३ आणि १६ जोडून ३१६ अंश ही दिशा तयार होते आणि ती वायव्येकडे जाते. इथपर्यंत ठीक. मात्र अंतर म्हणून १,९१३ मीटर घेण्याचा मोह आवरावा. इतक्या अंतरावर एका अंशाच्या चुकीने बिंदू तेहतीस मीटर बाजूला पडतो, ५०० मीटरवर तीच चूक नऊ मीटरांच्या आत राहते. दिशा खऱ्या उत्तरेपासून मोजायची की होकायंत्राच्या उत्तरेपासून, हेही पानावर स्पष्ट लिहावे. आयोवात या दोहोंतला फरक सध्या अगदी थोडा आहे, त्यामुळे तिथल्या मांडणाऱ्यांना हा प्रश्न सुचतच नाही. पण याच रस्त्यावर पेनसिल्व्हेनियात होकायंत्र दहाएक अंश पश्चिमेकडे ओढते आणि नेवाडात तितकेच किंवा थोडे अधिक पूर्वेकडे. तुमची मालिका सोडवायला येणारे लोक संपूर्ण मार्गावरून प्रवास करणारे असतील, आणि त्यांच्या सवयी त्यांच्या गावच्या असतील.

अवघडपणाबद्दल माझे मत कदाचित तुम्हाला पटणार नाही. रस्त्यावरची मालिका ही गाडीत बसलेल्या दोन-चार माणसांची दिवसभराची करमणूक असते, रात्री एकट्याने टेबलावर बसून सोडवण्याच्या कोड्यांचा संग्रह नसते. जिओकॅशिंगमध्ये अवघडपणा १ ते ५ या श्रेणीत अर्ध्या अर्ध्या पायरीने देतात; बारांपैकी आठ-नऊ कोडी २ ते २.५ च्या आसपास असावीत, दोन ३ च्या वर जावीत आणि फारतर एकच खरोखर कठीण असावे. ते कठीण कोडे ओळीच्या मध्यावर ठेवू नये. तिथे अडकलेला माणूस पुढच्या सहा कॅश सोडून परत फिरतो. एका कोड्यात एकच युक्ती असावी, हा नियम मी कधी मोडत नाही: आधी संकेतलिपी उलगडा, मग तिच्यातून जुना नकाशा शोधा, मग त्यावर गणित करा, अशा तीन मजल्यांच्या कोड्यात सोडवणारा नेमका कोणत्या मजल्यावर चुकला हे त्यालाच कळत नाही, आणि तो तुम्हाला संदेश पाठवत राहतो.

प्रसिद्ध करण्यापूर्वी प्रत्येक कोडे अशा दोघांना द्यावे ज्यांना या रस्त्याची काही माहिती नाही. ते सोडवत असताना शेजारी बसावे आणि तोंडातून अवाक्षर काढू नये. ‘नाही, तसे नाही’ एवढे म्हटले तरी चाचणी संपली. ते बरोबर उत्तरापर्यंत कसे पोचले यापेक्षा चुकीच्या कोणत्या वाटेने गेले आणि तिथे किती वेळ रमले, हे लिहून ठेवावे. दोघेही एकाच चुकीच्या वाटेने गेले तर दोष त्यांचा नसतो, पानावरचा एखादा शब्द किंवा चित्र त्यांना तिकडे ढकलत असते. ते काढून टाकावे. मुद्दाम ठेवलेल्या हुलकावण्या मी वापरत नाही. जुन्या रस्त्यावर नैसर्गिक हुलकावण्या पुरेशा असतात.

उत्तर तपासण्याची सोय प्रत्येक कोड्याला हवीच, आणि त्यामागे केवळ सोडवणाऱ्याचे समाधान नाही. अक्षांशातल्या मिनिटाच्या पहिल्या दशांश अंकाची चूक झाली तर माणूस १८५ मीटर दूर, बहुधा मक्याच्या शेतात पोचतो आणि चूक लगेच ओळखतो. शेवटच्या अंकाची चूक दोन मीटरांची असते, तिने काही बिघडत नाही. घातक असतो तो मधला अंक. त्याच्या चुकीने माणूस अठरा मीटरवर, अगदी बरोबर वाटणाऱ्या जागी येतो, आणि मग तासभर भलतेच कुंपण चाचपत राहतो, दगड उलटतो, कोणाच्या फुलझाडांत शिरतो. ऐतिहासिक जागांजवळ हे परवडत नाही. साइटवर दिलेला सोल्यूशन चेकर यासाठी पुरेसा आहे. अंकांची बेरीज देण्याची जुनी पद्धत मी आता पूरक म्हणूनच वापरतो, कारण दोन अंकांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच राहते आणि ही चूक सर्वांत जास्त वेळा होते.

बोनस कॅशसाठी लागणारे अंक डब्यांच्या झाकणांच्या आत लिहिण्याची प्रथा आहे. तुमच्या मालिकेत बारा डबे आहेत आणि बोनसला सहा अंक पुरतात, अक्षांशाचे शेवटचे तीन आणि रेखांशाचे शेवटचे तीन. म्हणून प्रत्येक अंक दोन डब्यांत ठेवावा: पहिल्यात आणि सातव्यात एकच, दुसऱ्यात आणि आठव्यात एकच, याप्रमाणे. जवळच्या दोन डब्यांत एकच अंक ठेवू नये, कारण रस्त्याचे काम निघाले किंवा पूर आला की शेजारचे डबे एकदमच जातात. असे केले म्हणजे एखादा डबा हरवला तरी कोणाचा दिवस वाया जात नाही आणि तुम्हाला त्याच रात्री नवा डबा घेऊन धावावे लागत नाही. सर्वांत कठीण कोड्याचा अंक अर्थातच एखाद्या सोप्या डब्यातही असावा.

डबे कुठे ठेवावेत, यात या पट्ट्याची एक खास अडचण आहे. जुना मार्ग आयोवात लांबच लांब रेल्वेला समांतर जातो. पूर्वीची शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न, आताची युनियन पॅसिफिक. ही चालू आणि अतिशय गजबजलेली दुहेरी मार्गिका आहे, आणि अमेरिकेत चालू रुळांपासून १५० फुटांच्या, म्हणजे ४६ मीटरच्या आत कॅश मंजूर होत नाही. नकाशावर मोकळी दिसणारी कितीतरी जागा या एका नियमाने बाद होते, म्हणून सुरुवातीलाच रुळांच्या दोन्ही बाजूंना ही पट्टी आखून घ्यावी आणि मगच कोड्यांची उत्तरे ठरवावीत. उलट क्रमाने गेल्यास तयार झालेली कोडी मोडावी लागतात. कोणत्याही दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर हवे, आणि इथे लक्षात ठेवायचे ते असे की आधीपासून असलेल्या इतरांच्या मिस्टरी कॅशची खरी जागा नकाशावर दिसत नाही. तुमच्या जागा आधीच रिव्ह्यूअरकडून, म्हणजे प्रसिद्धीपूर्वी कॅश तपासून मंजूर करणाऱ्याकडून, तपासून घ्याव्यात.

शेताच्या कुंपणावर, गुरांच्या फाटकावर किंवा पडक्या पेट्रोलपंपावर परवानगीशिवाय काही ठेवू नये. पडके दिसले म्हणून ते मालकाविना असते असे नाही. आयोवातल्या प्रत्येक काउंटीत संवर्धन मंडळ असते आणि त्यांच्या ताब्यातली छोटी उद्याने, नदीकाठचे थांबे व वनक्षेत्रे या रस्त्याजवळ पुष्कळ आहेत. तिथे लेखी परवानगी मागितली तर उत्तर बहुधा सौजन्याचे येते. गावातली सार्वजनिक वाचनालये हा दुसरा चांगला पर्याय आहे. जुनी उपाहारगृहे आणि मोटेल ही या रस्त्याची शान असली तरी सोडवणाऱ्याला दुकानात शिरायला लावणारी किंवा धंद्याची जाहिरात करणारी कॅश नियमांत बसत नाही. त्यांच्या बाहेरच्या भिंतीवरची किंवा फलकावरची गोष्ट वाचायला लावण्यापर्यंतच जावे.

गाडी कुठे थांबेल हे प्रत्येक जागी स्वतः थांबून पाहावे, आणि ते एकदा वसंतात व एकदा ऑगस्टमध्ये पाहावे. मका उंच झाला की मे महिन्यात मोकळा दिसणारा चौक चारही बाजूंनी बंद होतो आणि आडव्या रस्त्यावरून येणारी गाडी शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. कापणीच्या दिवसांत अरुंद काउंटी रस्त्यांवर संपूर्ण रुंदी व्यापणारी यंत्रे चालतात. अशा चौकात कोड्याची खूण ठेवायचीच असेल तर ती गाडीतून वाचता येईल एवढी मोठी असावी. डब्यांबद्दल विशेष सांगण्यासारखे काही नाही: उद्यानांत दारूगोळ्याच्या जुन्या लष्करी पेट्या, बाकी ठिकाणी घट्ट झाकणाचे छोटे डबे, फिल्मच्या डब्या बर्फ वितळताना पाणी घेतात. जमिनीत खड्डा करून डबा पुरणे जागेच्या मालकाच्या परवानगीशिवाय नियमबाह्य आहे, ते कुठेही करू नये.

पानावरचा मजकूर छोटा ठेवावा. इतिहासाचे दोन परिच्छेद, मार्गाचे साल, कोडे, गाडी थांबवण्याचा बिंदू आणि चेकर, एवढे पुरे. हिंट ही डबा शोधण्यासाठी असावी, कोडे सोडवण्यासाठी नको. कोड्यासाठी मदत द्यायची असेल तर ती मजकुरातच, पण पहिल्या वाचनात न जाणवेल अशी द्यावी. कांस्यपदके आणि खांब यांना हात लावू नये, त्यांच्यामागे काहीही ठेवलेले नाही, असे एक स्वच्छ वाक्य प्रत्येक पानावर असावे, कारण शोधणारा माणूस सर्वांत आधी तिथेच चाचपतो.

रिव्ह्यूअरला पाठवताना प्रत्येक कॅशसोबत तिचे पूर्ण उत्तर पायऱ्यांसह द्यावे, परवानगी कोणी आणि कोणत्या पदावरून दिली ते लिहावे आणि रुळांपासूनचे मोजलेले अंतर नमूद करावे. बारा कॅश एकाच दिवशी प्रसिद्ध करण्याची विनंती करता येते. बोनसही त्यांच्यासोबतच जाऊ द्यावी, मागाहून नको. नाहीतर पहिल्या शनिवारी सगळ्या बारा शोधून काढणाऱ्या उत्साही मंडळींना अंक हातात असूनही परत यावे लागते, आणि त्यांतले काही तीनशे मैलांवरून आलेले असतात.